मामाचा मराठी मेनू

तंजावूरच्या माझ्या मामाला टीव्ही रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर बसवून देणं काय असतं, ते मला विचारा.

त्याचा सगळा संशय शेजारच्या रामनाथनवर. क्रिकेटसाठी जागा करायला त्यांनी जुन्या मशीनवरून मामाच्या मुलीच्या गाण्याचा रेकॉर्ड केलेला कार्यक्रम पुसला, असं मामाचं म्हणणं. रामनाथन म्हणतात, "मी त्या रिमोटला हातसुद्धा लावत नाही."

म्हणून रामनाथनना काही कळूच नये अशा बेताने, नवीन मशीन बसवताना मी रिमोटवरून उघडणारा मेनू मराठीत केला. पडद्यावर देवनागरी दिसली आणि मामाचा चेहरा बदलला.

"माझ्या घरात हिंदी कोणी घातली?"

"मामा, ही मराठी. आपण घरात बोलतो तीच."

"असं तू म्हणतेस. मला कुठे ही अक्षरं वाचता येतात?"

एकेक ओळ त्याने मला मोठ्याने वाचायला लावली. 'पुसायचं का?' तर तीनदा. तरी विश्वास बसेना. शेवटी तोच मराठी मेनू मी तमिळ अक्षरांत टाइप केला. मामाने तो ओठ हलवत पूर्ण वाचला, तेव्हा कुठे मान डोलावली.

संध्याकाळी रामनाथन आले. बसता बसता सवयीने रिमोट उचलला, मेनू उघडला, दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

"अक्षरं तर आमचीच आहेत," ते मला तमिळमध्ये म्हणाले. "पण लिहिलंय काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा मराठीत म्हणाला, "सांगू नकोस. आता पुसू दे त्याला."