चाकं आवळा

नाही हो मिस्त्री, खुर्ची जड चालते असं मी कुठं म्हणालो? हलकी चालते, हलकी! दुसऱ्यांच्या चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करता, जरा स्वतःचे कानही करून घ्या. गेल्या खेपेला तुम्ही तेल घातलंत ना, तेव्हापासून ही माजलीय — जरा लोटली की सुसाट. चाकं आवळून द्या, बस्स.

हसताय काय? जन्म गेला माझा गोदामात गाडे ढकलण्यात. आपण लोटायचं पुढं, चाकं घासून धरतात मागं — त्यातून जो जोर उरतो ना, तेवढ्यावरच गाडा वेग घेतो. तोच जोर भरल्या गाड्याला लावा, कुरकुरत, रेंगाळत निघेल. रिकाम्याला लावा, हातातून पळेल. आता माझा जोर काय वाढलाय का या वयात? हाडं वाजतात उठताना. मग घासणंच कमी झालं असणार, म्हणजे तुमचं तेल! दुसरं काय असणार?

वजन? कुणाचं वजन? तोंड सांभाळून बोला. जेवते माझी बायको. चार घास — बरं, दोन. डॉक्टर म्हणतात, एवढंच जाईल आता. पण जेवते! परवा दवाखान्याच्या चढावर नेहमीसारखी लोटली, तर खुर्ची अशी उसळली पुढं — आणि ही खूश! "अहो, म्हातारपणी पैलवान झालात की!" मग मीही दंड फुगवून दाखवला. काय सांगणार होतो? तेव्हापासून येईल जाईल त्याला सांगते, आमच्या ह्यांच्या अंगात बळ आलंय. एक दिवस तिच्या लक्षात येईल ना हो, बळ कुठून आलं ते. म्हणून म्हणतो, आवळा. मला घाम फुटू दे, धापा लागू देत, ती म्हणू दे, "किती जाड झालेय बाई मी" — पूर्वी रोज म्हणायची. मी पण म्हणायचो, म्हैस आहेस. तोंडच घाणेरडं माझं.

काय? आधी रिकामी लोटून बघू? बघतो की. सरका. तुम्हालाच दाखवतो तुमच्या तेलाचा प्रताप — ही बघा! पळाली की नाही? सकाळी अगदी अशीच पळाली, हाताला हेच लागलं, एवढंच, काडीचा फरक ना—

सकाळी ती बसली होती हिच्यात.

…ठेवा तो पाना. काही आवळू नका. म्हटलं ना, नको! बाजूला व्हा दारातून.