डावा दांडा

—फिरवायचा कशाला? तुटलेलं पातं जोडून देतो, पण दांडा हाय तिथंच राहील. डावीकडं. किन्हवलीहून गाडीत घालून आणलात, कल्याणच्या कारखान्यातनं विकत घेतलात, भात वारवायचा नवा पंखा — आणि आता बोलता, कोंडू सुतार, दांडा उजवीकडं घे, गडी शिव्या घालतात. घालू देत! डावीकडं का, हे कारखानेवाल्याला विचारलंत? त्याला काय कपाळ कळणार! बघितला तसा उचलला त्यानं.

कुठं बघितला म्हणता? इथंच, धसईत, माझ्या खळ्यावर. लढाई लागली त्या साली. पंखा माझा, पावणे — पाती माझी, पेटी माझी, वरनं भात सोडायची फट माझी. मुरबाडचा वकील बोलला व्हता, कोंडू, कलकत्त्याला पेटंटाची नोंद होऊ दे, म्हंजी तुझी वस्तू दुसऱ्या कोणाला करता येणार नाय, तोवर कोणाला दाखवू नको. नाय दाखवला. गोणपाटाखाली ठेवला, भावाला पण पत्ता नाय. पण भात झोडलं, खळ्यात रास पडली, आणि हा कारखानेवाला आला, पांढरी टोपी, राम राम करत. राशीवर आलेल्याला हाकलतं का कोणी? तुमी हाकलाल? सूपभर भात दिल्याबिगर परत नाय पाठवत आपण. मी पाणी आणाया गेलो — आणि राहीनं, माझ्या बायकोनं, गोणपाट काढलं. बोलली, भाऊ, फिरवून बघा, आमच्या ह्यांनी केलाय. कौतुक! परत आलो तर तो वीत लावून मापं घेतोय, माझ्या देखत, आणि मी पाण्याचा तांब्या पुढं करतोय. राशीवरचा पावणा ना! वर सूपभर भात दिलं त्याला. ह्याच हातांनी.

वकिलाकडं गेलो तर विचारतो, तूच पयला केलास ह्याला पुरावा काय? बोल्लो, दांडा बघा. माझी बायको डावरी हाय. पाखडून पाखडून धुरळा बसला तिच्या छातीत, म्हणून तिच्यासाठी केला, तिच्या हाताला बसंल असा. नायतर डावीकडं कोण कशाला लावंल? वकील हसला. बायकोचा हात मी कागदावर कसा लिहू, बोलला.

माझा पंखा? नाय, तो बघायला नाय मिळणार. फोडला. कुऱ्हाडीनं, तिच्यासमोर. घे, बोल्लो, कर आता कौतुक. — तिनं काय केलं? सूप उचललं तिनं. अजून सुपानंच पाखडते. मघापासनं खोकला ऐकताय ना आतला, तो तिचाच. दुसरा करून द्यायचा? बोलायला काय जातंय तुमचं! चोरीला गेलेली वस्तू मी परत — तुमाला काय करायचंय? तुमी पेटी धरा. घट्ट. हां, बसलं पातं. फिरतोय बघा.

राही, तू कशाला बाहेर आलीस? हात नको लावू, लोकांचा हाय तो. अगो, सोड दांडा. सोड म्हणतो ना — बसला गं तुझ्या हाताला —

…

पावणे, पंखा उद्या न्या. उद्या. आता जा तुमी.