नाशिकच्या फ्लॅटचं फौजी कर्ज

रॅफल्स प्लेसच्या त्या भारतीय बँकेतला प्रकार सांगितला का तुम्हाला? नाही? मग चहा घ्या आणि ऐका.

मी भारतीय सैन्यातली नर्स, मेजर म्हणून निवृत्त झालेली. आमचे हे जहाजावर इंजिनिअर, त्यांच्यामुळे आता आम्ही इथे परदेशात. माजी सैनिकांना सवलतीत घरकर्ज मिळतं, म्हणून नाशिकच्या फ्लॅटसाठी आम्ही पुंगोलच्या घरून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, त्या बँकेत गेलो. ऑफिसर आपल्याकडचाच. माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "सर, पोस्टिंग कुठे कुठे झालं?"

"माझं नाही, हिचं," हे म्हणाले.

त्याला वाटलं, सरांनी विनोद केला. हसत म्हणाला, "इथे सही करा सर. मॅडम खाली करतील, पत्नी म्हणून."

माझं डोकंच फिरलं. "अहो, फौजी मी आहे! दुसरा फॉर्म काढा."

तो गडबडला. "सॉरी मॅडम, पण फॉर्मवर सैनिक आणि पत्नी एवढेच रकाने आहेत. पतीचा नाहीच."

"मग ह्यांना पत्नीत घाला. काम झाल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

ह्यांनी पत्नीच्या रकान्यात सही केली. कर्ज मंजूर झालं. आजही त्या फ्लॅटच्या कर्जाच्या कागदांवर मी मेजर आहे, आणि हे माझी पत्नी.