बुडालो तर काकांचं घर

लालबागच्या बँकेत ऋता वडिलांना घेऊन बसली होती. चाळीच्या जागी त्यांना मिळालेलं घर गहाण टाकून ती नव्या टॉवरात फ्लॅट घेणार होती. पुढच्या बाकावरचे काका-पुतणे तेच करायला आले होते.

"टॉवर रखडलो तर रे, राहुल?"

"काका, रिस्कचा सगळा विचार केलाय."

"काय केलंस?"

"पैसे बुडाले तरी राहायला तुमचं घर आहेच की!"

"ता तर तू आज गहाण टाकतंस मरे!"

"नुसतं कागदावर, काका."

"आणि हप्ते थकले तर? दोघांनी रवाचा खंय, मेल्या? ह्या बाकार?"

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता, बुवा!"

ऋताचा नंबर लागला. वडिलांनी सहीसाठी पेन उघडलं. तिने हळूच त्याला टोपण लावलं.