दसऱ्याला बंद केलेला सर्व्हर

भिवंडीच्या डेपोत वाड्याच्या एसटीसाठी रांग लागली होती. रांगेत पाठीला बॅग लावलेला दीपेश उभा होता. वळ गावातल्या गोडाऊनचे मालक रामनाथशेठ त्याला शोधत तिथवर आले.

"नोकरी सोडून चाललास? वेबसाईट अडकलीय. माल कुठं पोचला ते एका व्यापाऱ्याला दिसत न्हाय!"

"काल हमालांसमोर मला कामचोर म्हणालात. आता तुम्हीच बघा."

"अरे, मशीन चालू हाय!"

"चालू आहे, पण एका वेळी थोड्याच लोकांना आत घेते. युनिक्सची, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या सिस्टिमची, ती मर्यादा मी वाढवली होती. दसऱ्याला तुम्ही सर्व्हर बंद केलात, परत चालू झाल्यावर मर्यादा पहिल्यासारखी झाली."

"पूजेला बंद करायचा न्हाय? लूमवालेपण त्यांचे माग बंद करतात!"

"लूमला काही लक्षात ठेवावं लागत नाही, शेठ!"

"मग कायमचं लिहून का न्हाय ठेवलंस?"

"लिहायलाच बसलो होतो. 'चालतंय त्याला हात लावू नको,' असं कोण म्हणालं?"

"बरं, झालं गेलं. चल."

"असं नाही. शिव्या चारचौघांत दिल्यात, चूकही चारचौघांत सांगा."

"हितं? रांगेत?"

"एसटी लागली, शेठ."

"ऐका हो! मशीन मीच बंद केली! या पोराची चूक न्हाय!"

"मग चालू कर ना, बाबा," मागची म्हातारी करवादली, "आमची वाट कशाला अडवतोस?"

दीपेश रांगेतून बाहेर आला.

"आधी हमालांना हेच सांगायचं, शेठ. सर्व्हर त्यानंतर."