काका, मागे बसा

चहा ओता, मग सांगते सुधाकरकाकांची पुढची सीट कशी गेली ते.

खाबुऱ्याच्या समुद्रकिनारी सहलीला जायला बाबांनी आणि काकांनी मिळून गाडीमागे ओढायची जुनी कॅरव्हॅन घेतली. ती जोडली की गाडीचं मागचं टोक खाली बसायचं, पुढची चाकं हलकी व्हायची आणि स्टिअरिंग हातात तरंगायचं.

मी म्हटलं, "दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दांडे असलेला हिच, म्हणजे जोडणीचा आकडा, मिळतो. तो वजन पुढच्या चाकांवरही वाटून देतो. तो घेऊ."

"तुझ्या जन्माआधीपासून मी मस्कतमध्ये गाडी चालवतोय," काका म्हणाले. त्यांचा उपाय तयार होता. पुढे ते स्वतः बसणार, मांडीवर तांदळाची गोण घेऊन. "झालं वजन पुढे. खलास."

"आणि लायसन्स असून मी मागे?"

"मग कुठे?"

मी बाबांकडे वळले. "माझ्या हिचने गाडी सरळ उभी राहिली, तर खाबुऱ्यापर्यंत मी चालवणार."

मी हरणार याची खात्री असल्यामुळे बाबा लगेच हो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी हिच बसवला, बाबांनी पुढचा टायर आणि मडगार्ड यांतली फट बोटांनी मोजून ठेवली, मग कॅरव्हॅन जोडली, दांडे ताणून अडकवले. काका गोण घेऊन बाजूला उभे. बाबांनी ती फट परत मोजली. पुन्हा मोजली.

"सुधा, जोडायच्या आधी होती जवळजवळ तेवढीच आहे रे," ते हळूच म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

काका सवयीने पुढचं दार उघडायला गेले.

"काका, तुमचं वजन आता लागत नाही. मागे बसा. यल्ला, चला लवकर."

बसले, गोणीसकट. आणि खाबुऱ्यापर्यंत गाडी मीच चालवली.