पडद्यावरच्या बाई

प्रशिक्षण केंद्रासमोरच्या बसथांब्यावर माझ्या पुढे दोन शिक्षिका उभ्या होत्या, एक निवृत्तीला आलेली आणि एक नवखी.

"बाई, तुमच्या व्हिडिओचं केवढं कौतुक झालं आज. नमुना म्हणून सगळ्यांना दाखवला."

"दाखवू देत. वर्गात लावल्यावर काय होतं, ते विचारलं का कुणी?"

"काय होतं?"

"अगं, रेकॉर्डिंगला खोलीत मी आणि तो कॅमेरा. पण सवय जाते कुठे? प्रश्न विचारला, उत्तर येईल एवढी थांबले आणि म्हटलं, शाब्बास."

"रिकाम्या खोलीला?"

"रिकाम्या खोलीला. आता वर्गात मी पडद्यावरून विचारते, सात आठे किती? मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, सत्तर. आणि पडद्यावरची मी हसून म्हणते, शाब्बास."

"मग नवा करा ना."

"मुख्याध्यापक म्हणाले, वरच्यांना आवडलाय, आता त्याला हात लावायचा नाही. तिन्ही तुकड्यांत तोच लागतो. मी आपली दिव्याच्या बटणापाशी उभी."

"पण मध्येच थांबवून चूक सांगता येते की."

"काल थांबवला. तीस वर्षं जिथे उभी राहिले, तिथेच जाऊन उभी राहिले. म्हटलं, सत्तर नाही रे बाळा, नीट आठव."

"मग? आठवलं त्याला?"

"तो म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा ना, बाई दिसत नाहीयेत."